साक्षीची लाइट

मेबलआत्या माणसांना गप्प करायची ती उजेडानं. खाकरणं, हातानं खुणा करणं, चिठ्ठी पाठवणं असले प्रकार तिला पसंत नव्हते. चर्चच्या मागच्या कोपऱ्यात लॅपटॉप पुढ्यात घेऊन ती बसलेली असायची, पाठ ताठ, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. समोर मंचावर कुणी वेळेपेक्षा जास्त बोलायला लागलं की तिचं बोट पडद्यावरच्या एका पट्टीवर जायचं. ती पट्टी खाली ओढली की बोलणाऱ्याच्या तोंडावरचा उजेड कमी कमी होत जायचा, पण इतका सावकाश, की त्या बिचाऱ्याला आधी वाटायचं आपल्या डोळ्यांवर झापड आली, मग वाटायचं बाहेर आभाळ आलं, आणि मग कधीतरी डोक्यात प्रकाश पडायचा की तसलं काही नाही, मेबलबाईंनी निरोप दिलाय. मग घाईघाईनं "आमेन" म्हणून तो खाली उतरायचा.

आमची मंडळी म्हणजे हैदराबादेतली मराठी ख्रिस्ती माणसं. आमचे आजे-पणजे निजामाच्या काळात जालन्याकडून आले. कुणी शाळेत मास्तर, कुणी दवाखान्यात, कुणी रेल्वेत, आणि मग इथलेच होऊन गेले. नामपल्लीजवळच्या चर्चमध्ये सकाळी इंग्लिश उपासना होते, मग तेलुगू, आणि उरल्यासुरल्या वेळात, दुपारी चारला, आमची मराठी. तेलुगू मंडळी मोठी, हौशी. त्यांनी मंचावर नाटकाच्या थिएटरात असतात तसले दिवे बसवले आणि ते चालवायला लॅपटॉपवर एक सोपासा प्रोग्राम घातला. त्यांच्यातला सुधाकर ते सगळं बघायचा. हायटेक सिटीत नोकरी करणारा, हसतमुख माणूस. तो आम्हाला म्हणाला, तुम्हीही वापरा की. आमच्यातलं कुणी पुढे होईना. तरुण पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली, त्यांच्यातली निम्मी गाण्यांचे शब्दही इंग्रजी अक्षरांत वाचणारी. तेव्हा आत्या उठली आणि म्हणाली, "मी शिकते. कायकू इतना डरते?"

आणि शिकली. मला शेजारी बसवून दाखवायची, "हौल्यासारखी, बावळटासारखी बघत काय बसलीस, ग्रेसी? या पट्ट्या. वर केली की उजेड, खाली केली की अंधार. ही बटणं म्हणजे सीन. एकदा जमवून ठेवलं की नुसतं दाबायचं, सगळ्या लाइटा आपापल्या जागी." तिनं चार बटणं करून घेतली होती, मराठीत नावं घालून. गायन, वचन, प्रार्थना आणि साक्ष. साक्ष म्हणजे उपासनेत कुणीही उठून मंडळीपुढे उभं राहायचं आणि आपल्यावर काय वेळ आली, देवानं कसं तारलं, ते सांगायचं. साक्षीसाठी तिनं एकच पिवळा दिवा बोलणाऱ्यावर ठेवला होता, बाकी सगळं मंद. उजेड किती सावकाश उतरावा हेही त्या प्रोग्रामात ठरवता येतं, ते तिनं सुधाकरकडून खोदून खोदून विचारून घेतलं. मी एकदा म्हटलं, सरळ बंद का नाही करत? तर माझ्याकडे बघून म्हणाली, "फटकन लाइट घालवणं म्हणजे माणसाचा अपमान. हळूच घालवली की त्याचं त्याला कळतं."

म्हणजे तिच्या मते ती सभ्यपणानं वागत होती. घाई कशाची, तर साडेपाचची. आमची उपासना साडेपाचला संपलीच पाहिजे, कारण तेलुगू गायकमंडळी सरावासाठी यायची. साडेपाचच्या सुमाराला ती माणसं दारात दिसायला लागली की आत्याचा जीव खालीवर व्हायचा. "आपण दुसऱ्याच्या घरात बसलोय. ते बिचारे बाहेर ताटकळणार आणि आपण आत तोंडाची वाफ दवडणार? लाज नाही वाटत?" लाज हा तिचा आवडता शब्द होता. सरकारी कचेरीत सुपरिंटेंडंट म्हणून ती निवृत्त झाली, आणि तिच्या हाताखाली काम केलेली माणसं अजून रस्त्यात तिला पाहिलं की शर्ट खोचतात. नल्लकुंट्याच्या तिच्या घरी पाहुणा आला की दारातच सांगायची, "या, बसा. सहा वाजता मी बाहेर पडणार आहे." माझ्या साखरपुड्यात नवऱ्याकडच्या एका काकांचं भाषण संपेना, तेव्हा हिनं ट्रे उचलला आणि ऐन भाषणात त्यांच्याच हातात आइस्क्रीम दिलं. विरघळायला लागल्यावर काय करतील? बसले खाली.

तिची भाची म्हणून मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तक्रारी माझ्याकडे यायच्या ना! पाळकसाहेबांची बायको एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुमच्या आत्यांनी आमच्या साहेबांनाही सोडलं नाही हो." मी घरी येऊन आत्याशी भांडले. उपदेश चालू असताना पाळकांचा उजेड घालवायचा म्हणजे काय! आत्या शांतपणे भेंडी चिरत होती. "साहेब एकदा 'शेवटी' म्हणाले, मी थांबले. परत 'शेवटी' म्हणाले, तरी थांबले. माणसाचा काही एक शेवट असावा की नाही?" मला हसू आलं आणि भांडण तिथंच बारगळलं. तिच्याशी भांडण टिकवणं फार कठीण असायचं.

पण तिचं खरं गिऱ्हाईक म्हणजे त्रिभुवनकाका. एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते, निवृत्त होऊन मलकपेठेत राहत. बोलणं अतिशय संथ. दरवर्षी उपकारस्तुतीच्या रविवारी, म्हणजे वर्षभराच्या आशीर्वादांसाठी देवाचे आभार मानतो त्या दिवशी, काका साक्षीला उभे राहायचे आणि थेट जालन्यापासून सुरू करायचे. मिशनच्या आवारातली विहीर, तिच्यात पडलेली कुणाची तरी टोपी, शाळेतले मास्तर, मग आगगाडीत बसणं. सगळ्यांना ती साक्ष पाठ होती. पोरं ओठांतल्या ओठांत काकांबरोबर म्हणायची आणि खुसखुसायची. खोटं कशाला बोलू, मीही हसायचे. काकांची गाडी इथल्या काचीगुडा स्टेशनात शिरली की आत्याची पट्टी खाली. काकांनी कधी राग धरला नाही. वर दिव्याकडे बघून म्हणायचे, "काचीगुडा आलं वाटतं. उतरतो." सगळं चर्च हसायचं.

त्या वर्षी काका उभे राहिले तेव्हा काहीतरी वेगळं होतं, पण ते आता वाटतं. तेव्हा इतकंच वाटलं की आज जास्तच रेंगाळताहेत. पुढच्या बाकावर सुशीलाकाकू, त्यांची बायको, पर्सची चेन उघडत होती, लावत होती, पुन्हा उघडत होती. काका बोलताना तिच्याकडे बघत होते आणि वाक्यं अर्धी सोडत होते. दारात तेलुगू माणसं दिसायला लागली होती. आत्यानं घड्याळ पाहिलं. काकांची गाडी काचीगुड्याला आली, तरी काका थांबेनात. चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आता मला जे सांगायचं आहे, ते जरा..." आणि उजेड उतरायला लागला.

काकांनी वर पाहिलं. या वेळी विनोद केला नाही. "बरं," एवढंच म्हणाले आणि उतरले. आमेनही म्हणायचं राहिलं. मागून कुणीतरी हसलं. आत्यानं 'प्रार्थना'चं बटण दाबलं, आशीर्वाद झाला, आणि बाहेर पडताना ती खुशीत होती. "बघ, साडेपाचला दार मोकळं."

त्यानंतर काका-काकू चर्चला दिसले नाहीत. थकले असतील, आम्ही म्हटलं. आणि मग एका दुपारी बातमी आली की सुशीलाकाकू घरातून निघून गेली होती. मलकपेठेच्या बाजारात एका बांगड्यांच्या दुकानदारानं तिला सावलीत बसवून ठेवलं, पाणी पाजलं. ती सारखी म्हणत होती, मला घरी जायचंय, आणि घर कुठं विचारलं तर लहानपणीचं जालना सांगत होती. काका तिला शोधत शोधत तिथं पोहोचले. आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. आत्यानं खट्टी दाल आणि भात डब्यात भरून घेतला होता.

काकांनी दार उघडायला वेळ लावला. आत नवीन कडी लावली होती, पार वर, काकूचा हात पोचू नये म्हणून. घरात उग्र वास येत होता. कोपऱ्यात ओल्या चादरींचा ढीग होता. काकू आत्याकडे बघून गोड हसली आणि विचारलं, "तुम्ही कुणाकडच्या?" आत्या आणि ती एका शाळेत शिकलेल्या. "साळव्यांची मेबल मी," आत्या म्हणाली. काकूनं मान हलवली, अगदी परक्या माणसाचं नाव ऐकल्यावर हलवतात तशी.

वर्षभरापासून हे चाललं होतं. स्वयंपाक काका करायचे. अंघोळ घालायला गेलं की ती त्यांना ओळखायची नाही, ओरडायची, आणि शेजारपाजारचे खिडकीतून बघायचे. पोटी मूल नाही. रात्र-रात्र जागून काकांचे डोळे आत गेले होते. आत्याचा पारा चढला. "भाऊ, इतकं झालं आणि मंडळीला एक शब्द नाही? आम्ही काय मेलो होतो?"

काका काकूच्या ताटात भात कालवत होते. मान वर न करता, नेहमीच्याच संथ आवाजात म्हणाले, "सांगणारच होतो, बाई. त्याच दिवशी. बायकोचं असं चारचौघांत सांगायचं म्हणजे तोंड उघडेना. म्हणून आधी नेहमीचं सुरू केलं. म्हटलं, बोलता बोलता धीर येईल. आणि येत होता. मग लाइट गेली. म्हटलं, वेळ झाली असेल."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. असता तर आत्यानं उत्तर दिलं असतं. कुठं बघावं कळेना, म्हणून मी डब्याची झाकणं लावत बसले. काकूच्या हनुवटीवर सांडलेली दाल आत्यानं आपल्या पदरानं पुसली.

परतताना रिक्षात ती म्हणाली, "मला लाज वाटते गं." आजवर हा शब्द मी तिच्या तोंडून दुसऱ्यांसाठीच ऐकला होता. "तो धीर गोळा करत होता, ग्रेसी. मला वाटलं, वेळ खातोय." मी तिचा हात धरायला गेले, तिनं तो काढून घेतला.

रविवारी ती उपासनेच्या कितीतरी आधी चर्चमध्ये आली, ठेवणीतली साडी नेसून. सुधाकरला गाठलं. आयुष्यात कुणाकडे काही मागितलेली बाई ही नव्हे. "बाबा, हमकू आधा घंटा और मिलेगा क्या? हमारे लोगां बुजुर्ग हैं, बोलने कू टाइम लगता."

सुधाकरला कळेचना. "अम्मा, हमारी प्रॅक्टिस तो साडे छे को रहती."

"फिर साडे पाच को दरवाजे में?"

"आप लोगां साडे पाच को खतम कर देते ना, अंदर की लाइटां कम होती दिखती, तो हम लोग जल्दी आके चाय पीते बैठते. हमकू लगा, मराठी लोगों को जल्दी घर जाना पसंद है." तो हसला. "परवालेदु अम्मा, कुछ हरकत नहीं. साडे छे तक बैठो. पूछना था ना!"

आत्या जवळच्या बाकावर बसली. साडेपाचचा नियम कुणी घातला होता? कुठल्यातरी जुन्या पाळकांच्या वेळी, दुसऱ्याच कसल्यातरी कार्यक्रमासाठी कुणीतरी एकदा साडेपाचला जागा मागितली होती. ते पाळक गेले, कार्यक्रम गेला, आणि आम्ही आपले साडेपाच धरून बसलो. विचारलं कुणीच नाही. विचारणं म्हणजे हलकेपणा, दुसऱ्याच्या घरात जास्त जागा मागितल्यासारखं. आमच्या माणसांची ही खोड जुनी आहे. पण ती खोड राखायला पट्टीवर बोट आत्याचं होतं, आणि हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्याच दुपारी ती मला म्हणाली, "लॅपटॉपवर तू बस." आणि स्वतः मंचावर गेली. मी 'साक्ष' दाबलं. पिवळ्या उजेडात ती एकदम म्हातारी दिसली. "आपल्याकडे वेळ होता," ती म्हणाली. "मी विचारलं नाही. त्रिभुवनभाऊ मदत मागायला इथं उभे राहिले होते, मी त्यांना खाली बसवलं. त्यांच्याआधीही कुणाकुणाला बसवलं असेल, ते कोण काय सांगणार होते, देव जाणे. मला माफ करा." जो तो आपल्या मांडीवरच्या गीतपुस्तकाकडे बघत होता. काका काकूला घेऊन आले होते. आत्या त्यांच्याकडे वळली. "भाऊ, या. राहिलेलं बोला." काका अर्धवट उठले, हात जोडले. "आता काय बाई, सगळ्यांना कळलंच. पुढच्या वेळी बोलतो." आणि बसले.

त्यानंतर आत्यानं जे केलं ते तिच्या कचेरीच्या शिस्तीला शोभणारं होतं. कुणी कुठल्या दुपारी काकूपाशी बसायचं ते तिनं ठरवून दिलं, आणि चुकवायची कुणाची छाती झाली नाही. ती स्वतः सगळ्यात जास्त जायची. काकूला अंघोळ घालणं तिनं आपल्याकडे घेतलं. काकू तिला नर्स समजायची, "सिस्टर, पाणी गार आहे," म्हणून रागवायची, आणि माझी करारी आत्या मुकाट्यानं गरम पाणी ओतायची.

चर्चमध्ये दिवे अजून तिच्याकडेच होते. पण साक्ष सुरू झाली की ती हात मांडीवर घेऊन बसायची. माणसं बोलायची, बोलतच राहायची. एका गृहस्थांनी आपल्या गुडघ्याचं ऑपरेशन टाक्यांसकट सांगितलं. मी कंटाळून कुजबुजले, "आत्या, ओढ ना जरा खाली." ती म्हणाली, "बोलू दे. त्याला सांगायचंय ते अजून आलं नसेल."

दर उपकारस्तुतीला ती स्वतः काकांच्या बाकापाशी जायची. "भाऊ, चला." काका नम्रपणे हसायचे. "पुढच्या वेळी, बाई." काकू गेली तेव्हाही ते बोलले नाहीत, पाळकसाहेबच बोलले. दफनभूमीतून परतताना आत्या मला म्हणाली, "त्याला एकदा पुरतं बोलताना ऐकायचंय मला. मग माझं काही नाही." मी म्हटलं, "त्यांनी कधीच माफ केलंय तुला." ती चिडली. "माफीचं कोण बोलतंय? तो बोलायचा थांबलाय ना!"

गेल्या हिवाळ्यात आत्या आजारी पडली. दवाखान्यात नळ्या लावलेल्या, आणि मला विचारते काय तर, "उपकारस्तुती झाली?" मी म्हटलं, झाली. "भाऊ बोलले?" खोटं बोलावंसं फार वाटलं. पण मी "नाही" म्हटलं. तिनं तोंड भिंतीकडे केलं. "पुढच्या वेळी तू विचार." पुढची वेळ काही तिला मिळाली नाही.

तिच्या अंत्यविधीच्या उपासनेत लॅपटॉपवर मीच बसले होते. ती बटणं दुसऱ्या कुणाला येत नव्हती. पाळकसाहेबांनी विचारलं, मेबलबाईंविषयी कुणाला बोलायचंय का? आणि त्रिभुवनकाका उठले. काठी टेकत टेकत शवपेटीला वळसा घालून मंचावर गेले. मी 'साक्ष' दाबलं. आत्या, बघ, मी मनात म्हटलं, बघ बाई, उभे राहिले. माझे डोळे भरून आले होते.

काकांनी हाताचा पंजा कपाळावर आडवा धरला, पेटीवरून, सगळ्या माणसांवरून, मागच्या कोपऱ्यात माझ्याकडे पाहिलं आणि माइकमधून विचारलं, "ग्रेसी बेटा, किती वेळ आहे?"

सगळी मंडळी वळून माझ्याकडे बघायला लागली. पेटीत माझी आत्या होती आणि लाजेनं मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं, तिच्या वाटचीही लाज माझ्यावरच येऊन पडल्यासारखी. "हवा तेवढा आहे, काका," मी ओरडले. त्यांनी मान डोलावली.

ते बोलले. मेबलबाईंनी माझ्या सुशीलेला न्हाऊ घातलं, म्हणाले. तिची नखं कापली, केस विंचरले. माझी बहीण नव्हती, बहिणीसारखं केलं. पण ते भरभर बोलत होते. सावकाश बोलणारा तो माणूस शब्दावर शब्द टाकत होता, आणि दर वाक्याला वर दिव्याकडे बघत होता. मी दोन्ही हात लॅपटॉपवरून उचलले आणि त्यांना दिसतील असे खांद्यांच्या वर धरले. त्यांना ते दिसले. तरी त्यांची घाई थांबली नाही.

"बस, झालं माझं," ते म्हणाले. "लाइट राहू दे, बेटा. मीच उतरतो."